पाच झोके

पेन कागदाच्या काठापर्यंत गेलं होतं. मी चहाचा कप हातात धरून दारातच थबकले. आत कोणी नव्हतं, आणि त्या रिकाम्या खोलीत मॉडमावशीचं पेन कागदाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सावकाश जात होतं, काठाच्या पितळी पट्टीवर टक् करून आपटत होतं आणि तितक्याच सावकाश परत फिरत होतं. वरचा लाल दिवा लागला होता, म्हणजे मावशीला आता सोसवत नव्हतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की मेले, चहाला जाताना बटण फिरवायचं विसरले, आता पिलबीमसाहेब सगळ्यांदेखत माझी हजेरी घेणार. पण हे मनात पुरतं उमटायच्या आधीच माझी नजर जमिनीवर गेली. मी कप ठेवला, कुठे ठेवला ते आठवत नाही, नंतर तो माझ्या जोडीच्या बेरिलला खिडकीच्या चौकटीत सापडला. कागद यंत्रातून सरकत बाहेर येऊन जमिनीवर घडीवर घडी पडला होता. मी गुडघे टेकून बसले, चांगले नवे मोजे फाटले, आणि कागद मागे मागे ओढत नेला. सुरुवातीला रेघ करंगळीच्या नखाएवढी हलत होती. मग पेराएवढी, मग बोटाएवढी, मग विताएवढी. कुठे धक्का नाही, कुठे उडी नाही, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा एवढासाच मोठा. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी, पण खरं ते खरं, भीती मागून आली, आधी आनंदच झाला, आणि इतका झाला की मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, तू बोलत होतीस तर."

मॉडमावशी म्हणजे विजेवर चालणारं गणितयंत्र, भिंतभर राखाडी कपाटं. ड्रेकॉटच्या विमान कारखान्यात तिचं खरं नाव कोणी घेत नसे. मावशी म्हणायचं कारण ती सदा गरम असायची, सदा कुरकुरायची, आणि तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. पोटात शेकड्यांनी काचेचे व्हॉल्व्ह, रेडिओत असतात तसले, आणि तोंडाला भोकाभोकांची पाटी, तिच्यात लाल-पिवळ्या तारा खोचायच्या. बेरिल आधी टेलिफोन एक्स्चेंजात होती, ती म्हणायची, "तिथे माणसं जोडत होते, इथे काय जोडतेय देव जाणे." काय जोडत होतो ते मला पक्कं ठाऊक होतं, गणिताची पदवी काय मी नॉटिंगहॅमच्या बाजारातून आणली नव्हती. पंख जोडत होतो. पंखाचा जडपणा या तारेत, ताठपणा त्या तारेत, हवा त्याला किती आवरून धरते ते तिसरीत. मग त्या तारांच्या पंखाला ठरावीक गतीने हलवायचं आणि तो किती उत्तर देतो ते बघायचं. खरा पंख सेकंदात दहा-बारा वेळा थरथरतो, ते डोळ्यांना काय दिसणार. म्हणून मावशी सगळं शंभरपट सावकाश करी, एकेक थरथर झोपाळ्याच्या झोक्यासारखी. एका गतीचे पाच झोके बघायचे, पाचवा मोजायचा, आलेखावर ठिपका द्यायचा, पुढची गती लावायची. पाच हा पिलबीमसाहेबांचा नियम. ते पाच कुठून आले असं कोणी विचारत नसे. खरं सांगायचं तर ते चहाच्या गाडीतून आले होते. साहेबांनी हिशेब घातला होता की प्रत्येक गतीला पाचच झोके दिले तर अर्धी फेरी सकाळच्या चहाआधी आटपते आणि उरलेली जेवणाआधी. पाच झोक्यांत कुठलाही शहाणा पंख आपलं काय ते उत्तर देऊन मोकळा होतो. होत असेल. चहाची गाडी व्हरांड्यात खडखडली की "थांबा" असं लिहिलेलं बटण फिरवायचं, मिसेस चॅटर्टनच्या हातचा कप घ्यायचा, आणि आल्यावर पुढे. आज सकाळी मी ते बटण फिरवलंच नाही, कारण माझं डोकं एका विनोदात अडकलं होतं.

विनोद ओवेन प्रोसरने केला होता. ओवेन आमचा चाचणीवैमानिक, वेल्समधला, बुटका, आणि उड्डाणाच्या दिवशी त्याची एक रीत होती. त्याच्या घरमालकिणीने दिलेला चीज-कांद्याचा गोल पाव तो आमच्या खोलीत आणून मावशीच्या डोक्यावर ठेवायचा. वरची जाळी तव्यासारखी तापलेली असते, तो विमान उडवून परत येईतो आतलं चीज वितळायचं. पिलबीमसाहेबांची याला सक्त मनाई होती, कारण खोलीत कणभर ऊब इकडची तिकडे झाली तर मावशी बहकते. आम्हाला तर उन्हाळ्यात खिडकीसुद्धा उघडू देत नसत. आज सकाळी ओवेनने पाव ठेवला, कागद नीट दुमडला आणि मला म्हणाला, "एनिडबाई, मी नाही आलो परत तर हा पिलबीमसाहेबांना देऊ नका. ते आधी वजन करतील, आणि खायचं राहूनच जाईल." बेरिल खो खो हसली. मी हसले नाही. मी म्हणाले, "का बरं वजन करतील?" बेरिलने कपाळाला हात लावला. "ओवेन, तू जा बाबा. हिची ट्यूब आता चहापर्यंत पेटते का बघू." हे काही नवीन नाही. लहानपणापासून माझं असंच. शाळेत सगळा वर्ग हसून गप्प झाला की मागाहून एकटी मी हसायची, आणि मग बराच वेळ हसतच राहायची, बाई मला बाहेर उभं करायच्या. बाबा गेले तेव्हा मी सगळं नीट केलं, फुलं, दफनाची वेळ, आलेल्यांना हॅमचे पाव. एक टिपूस काढलं नाही. आत्या म्हणाली, "पोरगी दगड आहे." महिनाभराने दुकानात बटणं घेत होते. त्यांच्या कोटाला होती तसली बटणं, चॉकलेटी, चार भोकांची. दुकानदारणीने मला स्टुलावर बसवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही. तर "नाही आलो परत तर" हे शब्द माझ्या डोक्यात फिरत होते, विनोद नेमका कशात आहे ते मी शोधत होते, आणि शोधता शोधता मी चहाला निघून गेले.

म्हणजे मावशी अकराच्या गतीवर होती. सेकंदात अकरा. मी तबकडी दोनदा पाहिली. अकरावर आम्ही आजवर किती वेळा आलो असू, पाच झोके, नखाएवढी रेघ, ठिपका, पुढे. आलेखावर तिथे एक बारकासा उंचवटा होता, मुंगीच्या वारुळाएवढा, आणि तो आम्ही गुळगुळीत रेघेत सामावून टाकत असू. आणि अकरा म्हणजे काय हे मला पाठ होतं, कारण आजच्या उड्डाणाचा कागद माझ्याच टेबलावर होता. आजवर ओवेन त्या वेगातून नुसता जात आला होता, झर्रकन, पुढच्या वेगाकडे. आज पहिल्यांदाच तिथे थांबायचं होतं. तोच वेग धरून ठेवायचा, इंधन किती लागतं ते मोजायचं, लंडनहून आलेले पाहुणे खालून बघणार. त्या वेगाला विमानाच्या पुढच्या भागावरून सुटणारी हवा पंखाला सेकंदात अकरा वेळा ढकलते. रस्त्यावरून जाताना कोणी हाक मारावी, तशी ती हाक पंख आजवर नुसती ऐकून पुढे जात होता. आज तो हाक मारणाऱ्याच्या दारात उभा राहणार होता. तेव्हा भीती वाटली, आणि गंमत अशी की तिने आनंद विझला नाही. दोन्ही एकाच वेळी वाढत होती. मावशीच्या डोक्यावर तो पाव होता, कागदाला तेलाचा डाग पडायला लागला होता, आणि माझे हात अगदी स्थिर होते.

"अगं, हे काय करून ठेवलंस?" बेरिल आत आली. "बटण? एनिड, बटण नाही फिरवलंस? मेलीस तू."

"बेरिल, साहेबांना बोलाव."

"वेडी आहेस? आधी बंद कर, मी कागद लपवते."

"बोलाव गं. धावत जा."

बेरिल माझ्याकडे बघून जी गेली ती खरंच धावत गेली, उंच टाचा असून. पिलबीमसाहेब आले ते नेहमीसारखे टाय सरळ करत. उंच, कोरडा माणूस, पण वाईट नव्हे. वसंतात याच यंत्राच्या नादाने त्यांनी एक उड्डाण थांबवलं होतं, आणि मागून कळलं की एक व्हॉल्व्ह बहकला होता, पंख ठीकच होता. कारखानाभर हसं झालं. कोणीतरी त्यांच्या दारावर तापमापी टांगली होती. तेव्हापासून ते मावशीवर विश्वास ठेवायच्या आधी तिला चार प्रश्न जास्त विचारत. त्यांनी जमिनीवरचा कागद पाहिला, लाल दिवा पाहिला, पाव पाहिला.

"मिस गार्स्टन, यंत्र इतका वेळ मोकळं सोडलंत तर ते बहकणारच. वरून पाव ठेवलेला."

"बहकलं तर एका बाजूला वाहत जातं, साहेब. हे दोन्हीकडे सारखं जातंय."

"दोन व्हॉल्व्ह बहकले तर?"

"तर ते कुठल्याही गतीला बहकतील. साडेअकरा लावून बघू या. तिथेही वाढलं तर माझी चूक. अकरालाच वाढलं तर पंखाची."

त्यांनी तबकडी पाहिली. मग जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला लावलं. मी त्यांना आजवर जाकिटाशिवाय पाहिलं नव्हतं. "लावा," म्हणाले. उड्डाण दुपारचं होतं, वेळ होता, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं.

साडेअकरा लावलं. पाच झोके झाले, पेन नखाएवढं हललं. पिलबीमसाहेबांचा हात सवयीने पुढच्या तबकडीकडे गेला. मी म्हणाले, "नाही, थांबायचं." त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. आम्ही थांबलो. काही न करता नुसतं थांबणं किती कठीण असतं. पेन जायचं, यायचं, जायचं, यायचं, जिथल्या तिथे. बेरिल नखं कुरतडत होती. पुष्कळ वेळ पाहिल्यावर साहेब म्हणाले, "बरं. आता अकरा."

आणि ते सुरू झालं. मी सांगू शकत नाही मला कसं वाटत होतं, पण सांगायलाच हवं. आई लेसच्या कारखान्यात होती. लेस मार्केटच्या मागे चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर माग, आणि शाळा सुटली की मी तिथे जिन्यात बसून तिची वाट बघायची. साठ-सत्तर माग आपापल्या तालात खडखडत असायचे, नुसता गोंगाट. पण कधीमधी, कोणी न ठरवता, ते हळूहळू एका तालात यायला लागायचे. आधी दोन, मग चार, मग खिडकीकडची रांग. जिन्याचा कठडा माझ्या हाताखाली गुणगुणायला लागायचा, मग हलायला, मग बायकांचे चहाचे कप टेबलावरून आपोआप चालू लागायचे, आणि मुकादम ओरडत यायचा, "बंद करा, एक बंद करा." इतर मुली भ्यायच्या. मी कठड्याला गाल लावून बसायची. मला वाटायचं अजून एक, अजून एकच वाढू दे, बघू तरी कुठवर जातं. एक माग बंद झाला की सगळं ओसरायचं आणि माझा हिरमोड व्हायचा. आता पेन पेराएवढं झालं होतं, बोटाएवढं, आणि माझ्या गालाला तो लाकडी कठडा लागत होता. वाढ, मी मनात म्हणत होते. वाढ गं बाई, दाखव यांना. एका माणसाचा पंख मोडण्याचं चित्र समोर निघत होतं आणि मी त्याला वाढ म्हणत होते. मला ते कळत होतं, आणि तरी म्हणत होते.

तेवढ्यात खिडक्यांच्या काचा थरथरल्या. इंजिनाचा आवाज आमच्या डोक्यावरून गेला, आणि तो आवाज आम्ही झोपेतही ओळखला असता.

"दुपारी ना?" बेरिल म्हणाली. "दुपारी म्हणाले होते ना?"

"ढग येताहेत पश्चिमेकडून," पिलबीमसाहेब सावकाश म्हणाले. "आधीच उडवलं त्यांनी. पाहुण्यांना दिसायला हवं म्हणून." ते पेनाकडे बघत होते. पेन अजून काठाला लागलं नव्हतं, अर्ध्यावरही आलं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म आकडा पुरा झाल्यावर बोलण्यात गेला होता. वसंतातली ती तापमापी त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, माझ्यासुद्धा होती. "शेवटचे तीन झोके," ते म्हणाले, "पट्टी लावा, मिस गार्स्टन." मी पट्टी लावली. प्रत्येक वेळी थोडं जास्त, आणि ते थोडं कमी होत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन उचलला होता.

"टॉवर द्या. पिलबीम. प्रोसरला सांगा, आजचा वेग धरायचा नाही. गाठला असेल तर कमी करा, आत्ता. नाही, कारण मी मागून सांगेन. मागून, म्हटलं ना. होय, पाहुण्यांदेखत. आधी सांगा त्याला." मग ते फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडे काय चाललंय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. पेन जात होतं, येत होतं. काठाच्या जवळ आलं. बेरिलने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती, आणि मला तिचं नवल वाटत होतं की हिला एवढं लगेच कसं सगळं होतं, भीती, रडू, सगळं वेळच्या वेळी. मला फक्त ते पेन दिसत होतं. टक्, ते काठाला लागलं. लाल दिवा लागला. पिलबीमसाहेब फोनमध्ये म्हणाले, "बरं," आणि मग पुन्हा, "बरं. आभारी आहे." त्यांनी फोन ठेवला, पण नीट बसला नाही, तो त्यांनी दुसऱ्यांदा ठेवला. "परत फिरला," म्हणाले.

दुपारच्या चहाला ओवेन आमच्या खोलीत आला. तोवर त्याला चार साहेबांनी चार खोल्यांत बसवून सगळं वदवून घेतलं होतं. पायांत अजून उड्डाणाचेच बूट, केस घामाने चिकटलेले. मिसेस चॅटर्टनने दारातूनच त्याच्या हातात कप दिला, "घे रे राजा, साखर जास्त घातलीय," आणि त्याने बशी टेबलावर ठेवून दिली आणि कप दोन्ही हातांत धरला.

"वेग धरला आणि बुडाखाली गुदगुल्या सुरू झाल्या," तो म्हणाला. "एरवीही व्हायच्या, जाता जाता. आज म्हटलं थांबायचंच आहे तर बघू या. वाढत होत्या. दांडा हातात नाचायला लागला. तेवढ्यात कानात टॉवर, म्हणे पिलबीमसाहेब नाही म्हणताहेत. मला वाटलं, एवढ्या लांबून यांना कसं दिसलं?"

"मला नाही दिसलं," पिलबीमसाहेब म्हणाले. "मिस गार्स्टन बटण फिरवायचं विसरल्या." आणि मग, ज्याची आम्ही कोणीच अपेक्षा केली नव्हती, ते म्हणाले, "पाच हा आकडा माझा होता. तो उद्यापासून नाही." माणूस अवघडला की हाताला काम शोधतो, तसे ते मावशीकडे वळले, टाचा उंचावल्या, वरच्या जाळीवरचा तो पाव काढला. कागद तेलाने पार पारदर्शक झाला होता. "हा इथे ठेवायचा नाही, हे मी किती वेळा," असं म्हणत ते ओवेनकडे निघाले, आणि वाटेत त्यांनी तो पाव तळहातावर घेतला, एकदा वर केला, एकदा खाली केला आणि भुवया उंचावून म्हणाले, "जड आहे हो बराच."

त्यांनी वजन केलं होतं.

आधी ते माझ्या नाकातून निघालं, शिंकेसारखं. बेरिलने वळून पाहिलं. मग छातीत काहीतरी हललं आणि मी हसले, थोडीशी. मग जरा जास्त. मिसेस चॅटर्टन म्हणाली, "काय झालं गं, बाई माझी?" मी नुसतं पावाकडे बोट दाखवलं, आणि प्रत्येक वेळी दाखवलं की आणखी मोठं हसू येई. ओवेनला कळलं. "सकाळचा," तो म्हणाला. "सकाळचा विनोद पोचला." बेरिलसुद्धा हसायला लागली. पण ती थांबली तेव्हा मी थांबले नव्हते. कारण त्या विनोदात दोन वाक्यं होती, आणि पहिलं आता मला पोचत होतं. मी नाही आलो परत तर. नाही आलो परत तर. मी भिंतीला धरून खाली बसले, आणि माझं मलाच कळेना की हे हसू आहे की ते दुसरं काही. तोंड उघडं होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हात, जे सकाळपासून दगडासारखे स्थिर होते, ते असे हलत होते की मी ते मांडीखाली दाबून धरले. मला भयंकर वाटत होतं आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तो जिवंत होता, समोर उभा होता, त्याच्या मिशीला चहा लागला होता.

बेरिल पाणी आणायला उठली. तिला पिलबीमसाहेबांनी हातानेच थांबवलं.

"असू दे," ते म्हणाले. "पुरतं होऊ दे."

त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली आणि बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, घड्याळाकडे न बघता. ओवेन मावशीला पाठ टेकून पाव खात होता. मिसेस चॅटर्टनची गाडी दारात आडवी उभी होती. वरच्या मजल्यावरून कोणीतरी तिला हाका मारत होतं, की आमचा चहा कुठे अडकला. चहा निवत गेला, आणि कोणी उठलं नाही.